जळालेल्या माळावरचे पंधरा दिवस

जगदेवराव शिर्के प्रतापनगरच्या रेल्वे वर्कशॉपात सुतार होते. १९९४ साली त्यांच्या निवृत्तीला वर्षभर उरलं होतं. क्वार्टर्सच्या मागे मोकळा माळ होता: चणीबोरांची जाळी, तरवड, चार पळस आणि गुडघाभर गवत. मार्चअखेरीच्या एका दुपारी त्यांनी परसातला पाला पेटवला आणि पाण्याची बादली आणायला आत गेले. तेवढ्यात वारा फिरला. बंब येईपर्यंत सगळा माळ काळा पडला होता.

कुणाला इजा झाली नाही. आग कशी लागली, हेही कुणी विचारलं नाही. पण जगदेवरावांना चैन पडेना. तिसऱ्या दिवशी ते स्वतःच कॉलनीचे सेक्रेटरी उदयसिंहराव यांच्याकडे गेले.

"आग माझ्या हातून लागली, साहेब."

उदयसिंहराव म्हणाले, "झालं ते झालं. नाहीतरी काट्यांचंच रान. सोमवारी बुलडोझर येतोय, लॉन करून टाकू."

परतताना जगदेवराव माळावर थांबले. एका बोरीच्या बुंध्याशी बसून त्यांनी खिशातल्या पटाशीने, लाकूड तासायच्या छिन्नीने, राख उकरली. वरचं खोड कोळसा झालं होतं, पण बोटभर खाली मुळाला पटाशी लागली तेव्हा आतून ओल आली. मेलेलं लाकूड त्यांना हाताला कळे. हे मेलेलं नव्हतं.

त्यांनी सेक्रेटरींकडून पंधरा दिवस मागून घेतले.

मग रोज ड्युटीवर जायच्या आधी ते माळावर फेरी मारत. बायको निरुपमाबाई म्हणायच्या, "राख बघून काय मिळतं हो?" ते चपला चढवून बाहेर पडत. पाण्याचा थेंबही न पडता नवव्या दिवशी बोरीच्या बुडख्यातून तांबूस कोंब निघाले. मग गवताच्या ठोंबांतून हिरवी पाती आली. पळसांपैकी तीन मुळापासून फुटले. चौथा मात्र गेलाच.

ठरल्या दिवशी उदयसिंहराव आले. शेजारच्या नयनाबेन आधीच तिथे वाकून बघत होत्या. "काका, आ तो जीवे छे!" त्या गुजरातीत ओरडल्या, हे तर जिवंत आहे!

उदयसिंहराव वाकून एकेक कोंब बघत गेले. शेवटी अर्ध्या माळावर लॉन झालं, अर्धा तसाच राहिला. निवृत्तीनंतरच्या दुसऱ्या थंडीत त्या अर्ध्या माळावरच्या बोरी लगडल्या. जगदेवरावांनी पहिली ओंजळ निरुपमाबाईंच्या पदरात टाकली. एक बोर चाखून त्या म्हणाल्या, "आंबट आहेत," आणि दुसरं उचललं.