एका डेअरीच्या दोन खिडक्या

"प्रोग्राम कंपाईल होत नसेल तर ते जेनेरिक काढून टाका, मुलाणी," डेअरीच्या प्रोग्रामचं काम मला देणारे पुण्याचे सर फोनवर म्हणाले. "उद्या सकाळी दूध संकलन सुरू व्हायला हवं."

मी भोरमधल्या माझ्या एका खोलीच्या ऑफिसात होतो. समोर भाटघरकडच्या दूध डेअरीचे चेअरमन, आप्पा, बसले होते. पावत्या चुकल्या तर कॉम्प्युटर परत न्या, असं त्यांनी आल्याआल्या बजावलं होतं. हे काम गेलं असतं तर ऑफिसही गेलं असतं. किकवीहून रोज मोटारसायकलवर येऊन, कुणापुढे हात न पसरता मी ते उभं केलं होतं.

अडचण अशी होती. प्रोग्राममध्ये इंटरफेस म्हणजे करार: दूध घेईन, तपासीन, भाव लावीन. जेनेरिक म्हणजे करारातली मोकळी जागा. तिथे गाय किंवा म्हैस भरायची. डेअरी दोन्ही दूध घेते, म्हणून मी डेअरीच्या क्लासची, म्हणजे प्रोग्राममधल्या डेअरीच्या भागाची, दोन्हींवर सही घेतली. जावा या प्रोग्रामिंगच्या भाषेला ते चालेना. मोकळ्या जागेत भरलेलं ती कंपाईल करताना, म्हणजे प्रोग्राम यंत्राच्या भाषेत उतरवताना, पुसून टाकते. मग दोन्ही करार सारखेच दिसतात, आणि एका क्लासला एकच करार दोनदा करता येत नाही.

जेनेरिक काढलं असतं तर चुका पकडणारा कंपायलर गप्प बसला असता. पण म्हशीच्या दुधाला गाईचा भाव लागला, तरीही तो गप्पच बसला असता. चूक कळली असती ती रांगेसमोर. त्यावर सरांचा तोडगा तयार होता: आधी सगळं गाईचं घ्या, मग म्हशीचं. मी तो आप्पांना सांगितला.

"म्हंजी एका मानसानं दोनदा रांगंत हुबं ऱ्हायचं व्हय?" आप्पा म्हणाले. "दोनी कॅन घिऊन येतंय बिचारं. त्याला फुडं एसटी गाठायची आस्ती."

माझं डोकं फिरलं. चालू असलेल्या फोनवर सरांना म्हणालो, "तुमच्या पद्धतीनं करतो, पण पहाटे शिव्या खायला तुम्ही इथे या. नाहीतर संध्याकाळपर्यंत मला फोन करू नका." सर म्हणाले, "बरं, संध्याकाळपर्यंत."

मी डेअरीच्या क्लासला करारातून मोकळं केलं. दोन छोटे क्लास लिहिले. एकाची सही गाईसाठी, दुसऱ्याची म्हशीसाठी. दोघंही दूध तपासून, भाव लावून हिशोब त्याच डेअरीकडे देणार. कचेरीला खिडक्या दोन, आत साहेब एकच. जावा मुकाट्यानं कबूल झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्याच बाईंनी दोन्ही कॅन एकदम काट्याशेजारी ठेवले. प्रिंटर करकरला. एका पावतीवर गाय वेगळी, म्हैस वेगळी, दोन्ही भाव बरोबर. आप्पांनी पावती उजेडात धरून दोनदा वाचली.

"ऱ्हाऊ द्या ह्ये हितंच," ते म्हणाले.

त्या प्रिंटरची करकर आणि ताज्या दुधाचा वास अजून आठवतो. पुढे सरांनी ती दोन खिडक्यांची युक्ती पुण्यातल्या एका सभेत स्वतःची म्हणून दाखवली. मी मागच्या खुर्चीत बसून टाळ्या ऐकल्या. त्याचा राग अजून गेलेला नाही.

धडा एवढाच: भाषा अडली तर तिच्याशी घासाघीस करावी. सर अडले तर फोन ठेवावा आणि कामाला लागावं.