आईला समुद्र दाखवताना

मी इंग्लंडला पाण्याचं शिक्षण घ्यायला गेलो होतो, हे आधीच सांगून ठेवतो. पुढचं वाचून तसं वाटणार नाही.

'पाण्याचं नियोजन' असा तो अभ्यासक्रम. आईने गावी, नांदूरघाटात, त्याचं सोपं करून टाकलं होतं, "पोरगं पाण्याचं शिकायलंय." आमच्या गल्लीत टँकरचा भोंगा ऐकला की माणसांआधी घागरी धावतात. त्यामुळे हे ऐकून लोक आदराने मान हलवत आणि मी परत आलो की नळाला रोज पाणी येणार, असं धरून चालत.

आईने मात्र आयुष्यात समुद्र पाहिला नव्हता. बचत गटाच्या बायका कोकणात निघाल्या तेव्हा तिचंही नाव यादीत होतं, पिशवीसुद्धा भरून तयार होती. पण नेमकं त्याच आठवड्यात माझं विमान! "समुद्र काय पळून जायलाय का?" असं म्हणत तिने पिशवीतलं इरकली लुगडं परत ट्रंकेत ठेवलं आणि माझ्या बॅगेत शेंगदाण्याची चटणी कोंबली. (हे वाक्य लक्षात ठेवा. समुद्र पळून जातो.) मला ते फार लागलं होतं. विमानतळावरच मी शब्द दिला, "आई, तुला समुद्र मीच दाखवणार."

म्हणून जानेवारीतल्या एका शनिवारी दोन स्वेटर, त्यावर जॅकेट आणि वर किसनमामांनी दिलेली माकडटोपी घालून मी रेल्वेने एका समुद्रकाठच्या गावी उतरलो. थंडी अशी की नाक आपलंच आहे का, हे हात लावून बघावं लागत होतं. आइस्क्रीमची दुकानं बंद, रस्त्यावर कुत्रं फिरवणारी लाल टोपीची एक म्हातारी आणि मी. किनाऱ्याच्या भिंतीकडे जाता जाताच मी व्हिडिओ कॉल लावला.

आमच्या ओसरीवर अख्खी गल्ली बसली होती. आईने तेच इरकली लुगडं नेसलं होतं. चौरंगावर फोन, पुढे हळदीकुंकू, खण, नारळ! समुद्राची ओटी भरायची होती.

"दाव रे गण्या," आई म्हणाली.

मी ऐटीत फोन फिरवला. समोर चिखल. नजर जाईल तिथपर्यंत नुसता करडा, चकचकीत चिखल.

ओसरीवरच्या माना फोनकडे झुकल्या. मग शेजारच्या शबानाचाची, ज्यांचं स्टँडवर फळांचं दुकान आहे, त्या हळूच म्हणाल्या, "या अल्ला! ह्यांच्या समुद्रालाबी टँकर लागतंय का काय?"

ओहोटी! पाण्याचं शिक्षण घेणाऱ्या माणसाने तिची वेळ बघितली नव्हती. पण आईचा उतरलेला चेहरा मला बघवेना. लांबवर एक पांढरी रेघ दिसत होती. "आई, थोडा पुढं गेलाय. मी जवळ जाऊन दावतो," म्हणत मी पायऱ्या उतरलो. तिथे धोक्याची भलीमोठी पाटी होती. ती मी वाचलीसुद्धा, आणि हसलो. काळ्या रानात वाढलेल्या माणसाला हे चिखल शिकवणार! (आमच्याकडे चिखल व्हायला आधी पाऊस पडावा लागतो, हे त्या घटकेला सुचलं नाही.)

मागून लाल टोपीवाली म्हातारी दोन्ही हात हलवत होती. इथली माणसं किती प्रेमळ, असं वाटून मीही दोन्ही हात हलवले. तिने आणखी जोरात हलवले. मी पण!

दोनेकशे पावलांवर पाय थांबले.

"आई, पाय निघंना."

"कुठला?"

"दोन्ही!"

एक पाय उपसावा तर दुसरा गुडघ्याच्या वरपर्यंत रुते. ओसरीवरच्या गर्दीतून किसनमामा फोनपुढे सरसावले. मामांच्या चार म्हशी, आणि तलावाच्या गाळात रुतलेलं जनावर काढायला पंचक्रोशीत त्यांनाच बोलावतात.

"हालू नको बे भाच्या! ओढू नको! म्हशीला ओढलं का पाय मोडतोय. मागं रेल, पाठीवर पड."

"मामा, मी म्हैस न्हाई!"

"म्हैस असतास तर एव्हाना ऐकलं असतंस."

मी मुकाट्याने मागे रेललो. पाठीतून थंडी थेट मेंदूत गेली. आणि तेवढ्यात फोनमधून आईची किंकाळी आली, आनंदाची!

"आला! आला! अगं शबाना, बघ की, समुद्र आला!"

मी मान वळवली. ती पांढरी रेघ आता रेघ राहिली नव्हती. ओसरीवर टाळ्या पडल्या.

"गण्या, जरा सरक की. मधी यायलास!"

"आई, सरकता आलं असतं तर..."

खरं सांगतो, मी घाबरलो होतो. आवाजावरून आईला ते कळलं. तिच्या हातातला नारळ तसाच राहिला.

"पाणी तुझ्याकडंच यायलंय का रे?"

"हां."

"मग वळव की त्याला! नुसता काय पडलास? पाण्याचं शिकायलास ना तू!"

ती रडत होती आणि रागावतही होती.

तेवढ्यात चिखलावरून घसरत एक सपाट गाडी आली. केशरी कपड्यांतली तीन माणसं. लाल टोपीवालीने हातवारे थांबवून केव्हाच बचाव पथकाला फोन केला होता. त्यांनी मला अजिबात ओढलं नाही. एकीने माझ्या पायाजवळ नळी खुपसून गाळात पाणी सोडलं, दुसऱ्याने खांदे धरून मला आणखी आडवं केलं, आणि पाय सुटले.

"बघा!" मामा ओसरीवर गरजले. "आपल्यावाणीच काढायलेत!"

एक बूट तिथेच राहिला. चिखलाने माखलेला मी ब्लँकेट पांघरून भिंतीवर बसलो, शेजारी लाल टोपीवाली आणि तिचं कुत्रं. दात वाजत होते. पण समोर समुद्र भिंतीला येऊन टेकला होता. मी फोन त्याच्याकडे धरला.

आईने पदराने फोनची काच पुसली. मग म्हणाली, "केवढं पाणी रे बाबा... कुणाला रांगबी लावावी लागत न्हाई." तिने फोनला हळदीकुंकू वाहिलं, खण ठेवला. मामांनी नारळ फोडला. इकडे मी माकडटोपी ओढून घेतली, कारण लाल टोपीवाली माझ्याकडे बघत होती आणि मला रडू आवरत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी फोन केला तेव्हा आई टँकरच्या रांगेत होती. फोन कानाला, घागर कमरेला. मागून कोणीतरी बाईने विचारलं, "पोराचं शिक्षण कुठवर आलं वं?"

आईने फोन कानापासून जरासुद्धा दूर केला नाही.

"पाण्याचं शिकायलंय," ती म्हणाली. "सध्या चिखलापर्यंत आलंय."