खंडेनवमीला उचललेला स्क्रू-ड्रायव्हर

माझा स्वभाव पहिल्यापासून तापट. देवापुढे बसलो तरी तो काही निवत नसे. दत्तगुरूंची उपासना आमच्या घरात वडिलांपासून चालत आलेली, पण खरं सांगायचं तर त्या वर्षांत माझ्या पूजेत भक्तीपेक्षा तोराच जास्त होता. आपण सगळं नेमानं करतो, तेव्हा देवानंही आपलं नीट ठेवलं पाहिजे, असं मनात पक्कं बसलेलं. जरा कुठं बिनसलं की मी देवाशी बोलणं टाकायचो. बायको म्हणायची, "देव आहे तो, तुमचा व्याही नाही रुसायला." मी तिच्यावरही चिडायचो.

निपाणीहून बंगळूरला येऊन मला तेव्हा बरीच वर्षं झाली होती. बनशंकरीत माझं गाड्यांच्या वायरिंगचं छोटं गॅरेज होतं. खंडेनवमीला, म्हणजे इथल्या लोकांच्या आयुधपूजेला, मी सगळी हत्यारं धुऊन पुसून लाल कापडावर मांडायचो, हळदकुंकू वाहायचो, आणि दुसऱ्या दिवशी उत्तरपूजा होईपर्यंत एकालाही हात लावायचो नाही. वडिलांनी हा नेम कधी मोडला नव्हता आणि मीही नाही. ही गोष्ट मी गिऱ्हाइकांना न विचारता ऐकवत असे.

त्या वर्षीही पूजा थाटात झाली. सकाळी आठ वाजता डॉक्टर अक्का आपली गाडी पूजेला घेऊन आल्या. अक्का धारवाडकडच्या. जयनगरात राहायच्या आणि कनकपुऱ्याच्या पलीकडे डोंगरातल्या वस्त्यांवर जाऊन बायाबापड्यांना तपासायच्या. त्यांची जपानी जीप कुठल्याशा परदेशी संस्थेनं देणगी दिलेली. चारही चाकांना जोर देणारी, पण तो जोर पुढच्या चाकांना द्यायचा की नाही हे ठरवणारी एक इलेक्ट्रॉनिक पेटी तिच्यात होती. असली गाडी हाताळणारे तेव्हा शहरात मोजकेच, आणि त्यात मी एक, याचाही मला अभिमान. मी चाकांखाली लिंबं ठेवली, कोहळा फोडला. बाकीचे लोक नारळाचं पाणी चाकांवर शिंपडतात. माझी पद्धत वेगळी. मी दार उघडून आत, पावलांजवळ, कडेकोपऱ्यात चांगलं सढळ हातानं ओतलं. अक्का हसून म्हणाल्या, "स्वल्प कमी, अण्णा." मी ऐकलं नाही.

साडेदहाला अक्का परत आल्या. शहराबाहेर पडल्या पडल्या समोरच्या पट्टीवरचा, पुढच्या चाकांच्या जोराचा दिवा लुकलुकायला लागला होता. त्यांनी चिखलात गाडी घालून पाहिली तर पुढची चाकं नुसतीच घरंगळत होती, त्यांना जोर मिळत नव्हता. मी म्हणालो, "उद्या सकाळी उत्तरपूजा झाली की पहिली तुमचीच गाडी." अक्का स्टुलावर बसल्या. वस्तीवरच्या एका बाईला नववा लागला होता, पहिलटकरीण, नाव महादेवी. तिच्या पायांवर सूज होती, डोकं फुटायला आलं होतं, डोळ्यांपुढे अंधारी येत होती. वनखात्याच्या वायरलेसवरून सकाळी निरोप आला होता. दोन दिवसांच्या पावसानं घाटाचा नुसता राडा झालेला, दुसरं कुठलंही वाहन वर चढणार नव्हतं. "तिला आज खाली आणलं नाही," अक्का म्हणाल्या, "तर बाळंतपणात दोघंही हातची जातील." हे त्यांनी अगदी हळू आवाजात सांगितलं. आरडाओरडा केला असता तर मला भांडता तरी आलं असतं.

मी गॅरेजमध्ये येरझाऱ्या घालत राहिलो. मनाला चैन म्हणून नव्हतं. अक्कांचा राग आला, पावसाचा आला, शेवटी दत्ताच्या तसबिरीकडे बघून तिचाही आला. आजचाच दिवस मिळाला का तुला? नेम मोडला आणि काही वाईट झालं तर? नेम पाळला आणि ती पोर गेली तर? अर्धा तास असाच गेला असेल. तेवढ्यात बायको नैवेद्याचं ताट घेऊन आली. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "देवाला एक दिवस तुमच्या पान्यांवाचून करमत नाही का? उचला. त्याला काय सांगायचं ते मी सांगते." मी हात जोडले आणि लाल कापडावरचा स्क्रू-ड्रायव्हर उचलला. दत्ता, आता तूच बघ, एवढंच म्हटलं.

चालकाच्या पायाजवळचं कडेचं झाकण काढलं. पेटी ओली होती. बोट लावलं तर चिकट, आणि वास खोबऱ्याचा. सकाळी मोठ्या भक्तीनं ओतलेलं पाणी झिरपून नेमकं तिच्यात उतरलं होतं. उघडून बघितलं तर आतली एक पट्टी जळून काळी पडलेली. अक्कांनी विचारलं, "काय झालं?" आणि मी, तासाभरापूर्वी नेमधर्माची भाषा करणारा माणूस, म्हणालो, "जुनाच दोष असेल, अक्का. परदेशी माल." आज हे लिहितानाही मला लाज वाटते.

पेटी बदलल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. स्क्रू-ड्रायव्हर खिशात टाकून मी स्कूटरवर निघालो. जे.सी. रोडवर सगळी शटरं बंद, त्यांना झेंडूच्या माळा. एका ओळखीच्या दुकानदाराच्या घरी गेलो तर तो दसऱ्याला म्हैसूरला गेलेला. जयनगरात आणखी एकाचं दार ठोठावलं, तिथंही कुलूप. घड्याळाकडे बघवत नव्हतं. परत येताना बनशंकरीच्या देवळापाशी पूजेला आलेल्या गाड्यांची ही लांब रांग लागली होती, तिच्यात मी अडकलो. हॉर्न वाजवून थकलो आणि मग स्कूटर बंद केली. पहिल्यांदाच मला देवाकडे काही मागावंसं वाटलं नाही. कुठल्या तोंडानं मागणार होतो? मनात एवढंच आलं, की मला काही जमत नाहीये.

मान वर केली तर रांगेत चार गाड्या सोडून अक्कांच्या गाडीची जुळी बहीण उभी. तोच आकार, तेच साल. शेजारी पांढऱ्या धोतरातले एक वयस्क गृहस्थ हातात पूजेचं ताट घेऊन उभे होते. मी त्यांच्यापुढे जाऊन हात जोडले आणि तोडक्यामोडक्या कन्नडमध्ये सगळं सांगितलं. ऐन पूजेच्या दिवशी, हार घातलेल्या गाडीचं झाकण काढून आतली पेटी द्या, असं मी एका अनोळखी माणसाला म्हणत होतो. त्यांनी शांतपणे विचारलं, "तुमची कशानं बिघडली?" खोटं जिभेवर तयार होतं. पण का कोण जाणे, खरंच निघालं. "माझ्या हातानं. नारळाचं पाणी आत ओतलं." त्यांनी ताट गाडीच्या टपावर ठेवलं आणि म्हणाले, "सरी, बरं. काढा. मी या गाडीत घरापासून देवळापर्यंतच फिरतो, मला तो जोर कशाला?" खिशात तो स्क्रू-ड्रायव्हर होता. पाच मिनिटांत पेटी माझ्या हातात होती. त्यांनी हेब्बाळचा पत्ता कागदावर लिहून दिला आणि पूजेला आलेल्या पुजाऱ्याला बजावलं, "पाणी फक्त बाहेर."

गॅरेजवर आलो. बॅटरीची तार सोडली, पेटी बसवली, जोडण्या घट्ट केल्या, तार पुन्हा लावली. किल्ली फिरवली. दिवा दोनदा लुकलुकला आणि मग स्थिर झाला, म्हणजे पुढच्या चाकांना जोर मिळायला लागला. मी तिथंच अक्कांना खरं सांगून टाकलं. "ते मग बोलू," म्हणाल्या, "आधी बसा. चिखलात ढकलायला माणूस लागेल."

घाटात चाकं दोनदा घसरली आणि दोन्ही वेळा पुढच्या चाकांनी गाडी ओढून घेतली. मी पूर्ण वाटभर नामस्मरण करत होतो, पण ते नेहमीचं, मोजून मापून केलेलं नव्हतं. ऊन कलायला आलं तेव्हा वस्तीवर पोचलो. चौघांनी महादेवीला उचलून मागच्या सीटवर निजवलं. उतारावर ती कळवळली की माझं मनगट आवळायची. दिवेलागणीला तालुक्याच्या दवाखान्यात तिला आत नेलं आणि मी बाहेरच्या बाकावर नुसता बसून राहिलो. करण्यासारखं माझ्या हातात काही उरलं नव्हतं आणि, नवल म्हणजे, त्याचा त्रासही होत नव्हता.

दसऱ्याच्या सकाळी मुलगी झाली. दोघी सुखरूप होत्या. पुढं पेटी परत द्यायला हेब्बाळला गेलो, तेव्हा त्या गृहस्थांनी ती घेतली नाही, "अक्कांच्या गाडीतच राहू दे," म्हणाले. अक्कांनीही तो विषय पुन्हा काढला नाही. यात चमत्कार कोणता, असं कुणी विचारलं तर मला सांगता येत नाही. माझ्या चोख पूजेनं वाट अडवली होती आणि मोडलेल्या नेमानं ती मोकळी झाली, एवढं मात्र मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. त्यानंतर मी देवावर रुसलो नाही. रुसायला जो हक्क लागतो तोच मी सोडून दिला, आणि त्यात फार मोकळं वाटतं.

पण दसऱ्याच्या त्या सकाळचं एक सांगायचं राहिलं. महादेवीनं मला आत बोलावलं होतं. मला बघून तिनं पडल्या पडल्या हात जोडले, देवाला जोडतात तसे. मला ते सोसवेना. मी तिला सांगितलं, बाई, गाडी बिघडली ती माझ्यामुळे, उशीर झाला तो माझ्यामुळे, मला कसले हात जोडतेस. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग लेकीला माझ्या ओंजळीत ठेवलं आणि म्हणाली, "बंद्रल्ला, अण्णा." आलात ना.