भिंतीआडचे सहा फूट

अर्जात एवढंच लिहिलं होतं: 'घराची एक भिंत गरम लागते. तरी दुसरी जागा घेण्यास मंजुरी मिळावी.' खाली सही दत्तारामची, पॅकिंग डिपार्टमेंट.

काळे साहेब आमचे वेल्फेअर ऑफिसर. कामगारांच्या राहण्याखाण्याच्या तक्रारी त्यांच्याकडे जायच्या. त्यांनी अर्ज माझ्यासमोर ठेवला आणि सांगितलं की याच घरातून आधी दोन भाडेकरू निघून गेलेत, दोघांनीही कारण सांगितलेलं नाही. जाऊन बघून या.

मी तेव्हा पिंपरीजवळच्या एका नव्या कारखान्यात ओव्हरसियर होतो. पन्नासच्या दशकातली गोष्ट. कारखाना उभा राहिला होता, क्वार्टर्स मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. बाकीचे कामगार आसपासच्या गावांत खोल्या शोधायचे. दोन वर्षांपूर्वी ज्या गावात परक्या माणसाला कुणी फुकट ओसरी दिली असती, तिथे आता गोठ्यालाही भाडं लागलं होतं. बैल बाहेर बाभळीखाली आणि गोठ्यात फिटरचं कुटुंब, हे मी स्वतः पाहिलंय. कंपनी घरभाडं भत्ता द्यायची, पण तो कार्पेट एरियावर. म्हणजे घराच्या आत जेवढ्या जमिनीवर सतरंजी अंथरता येईल तेवढीच जागा धरायची. भिंती आणि अंगण सोडून. मालक लोक सगळंच धरायचे. म्हणून टेप घेऊन मी जायचो.

दत्तारामचं घर पुनावळ्याला होतं. मार्गशीर्षातली सकाळ, हवा गार. नदीच्या उतारातून सायकल खांद्यावर घेऊन मी पलीकडे गेलो. दत्तारामची सेकंड शिफ्ट होती, म्हणजे दुपारपर्यंत तो घरीच. संगमेश्वरकडचा माणूस, अंगाने सडपातळ, कमी बोलणारा. बायको पार्वती आणि वर्षाची मुलगी. मातीच्या भिंती, वर कौलं, आत दोन खोल्या. एवढं घर त्या भाड्यात गावात दुसरं नव्हतं. मालक धोंडीबा. त्याची जमीन कारखान्यात गेली होती. घर भाड्याने देऊन तो बायकोसह मोशीला लेकीकडे राहायला गेला, असं तो सांगायचा. महिन्याच्या महिन्याला भाडं न्यायला यायचा, ओसरीच्या खालीच उभा राहायचा, आत पाऊल टाकायचा नाही.

पार्वतीने मला आतल्या खोलीतली भिंत दाखवली. मी हात लावला. बाकीच्या तिन्ही भिंती पाण्यासारख्या गार होत्या. ही कोमट होती. नुकतं कुणी उठून गेलेल्या अंथरुणासारखी.

तिने सांगितलं की सकाळी जास्त गरम असते, दुपारी निवते. भिंतीत एक कोनाडा होता. तिथे ती रोज दिवा लावायची. खिडकी बंद असली तरी दिव्याची ज्योत भिंतीकडे झुकायची. कधीकधी भरदुपारी जात्याची घरघर ऐकू यायची. घरात जातं नव्हतं. दत्ताराम कामावर गेला की ती मुलीला घेऊन ओसरीवर बसून राहायची. पण तिला भीती वाटत नव्हती, असं तिचं म्हणणं. तिच्या गावाकडे जुन्या घरांना न दिसणारा राखणदार असतो, तसा हा असेल. भीती दत्तारामला वाटत होती. अर्ज त्याचा होता.

मी शेजारी विचारलं. समोरच्या घरातल्या दोन बायका सुपात ज्वारी पाखडत होत्या. माझा प्रश्न ऐकून त्यांचे हात थांबले. एकीने मान खाली घातली, दुसरी सूप घेऊन आत गेली. पारावर बसलेला एक म्हातारा म्हणाला, "मोजमाप झालं आसंल तर निघा, साहेब."

मोजमाप झालं नव्हतं. मी टेप काढला. एक टोक दत्तारामने धरलं. आधी आतून मोजलं. पहिली खोली अकरा फूट, दुसरी दहा, मधली भिंत एक. बावीस. मग बाहेरून, ओसरीच्या कडेने. बत्तीस. मातीच्या बाहेरच्या भिंती दीड-दीड फुटाच्या, तीन फूट वजा. आत एकोणतीस भरायला हवे होते.

चूक झाली असं समजून मी पुन्हा मोजलं. तेच आलं. मग आत येऊन वर पाहिलं. कौलांखालचे वासे मी बाहेरून मोजले होते. आत चार कमी दिसत होते. आढं, म्हणजे छपराच्या मधोमध असतं ते लांब लाकूड, त्या कोमट भिंतीत शिरून पुढे गेलं होतं. भिंतीपाशी घर संपत नव्हतं.

डायरीत आकडा लिहिताना मी सवयीने मोठ्याने म्हणालो, "सात फूट कमी."

"सात न्हाई, सहा," भिंतीतून आवाज आला. "भिंत फूटभर हाय."

बाईचा आवाज. शांत, अगदी माझ्या कानाच्या उंचीवर. दत्तारामच्या हातातून टेप सुटला आणि सळसळत माझ्या पायाशी आला. पार्वतीने मुलीला छातीशी धरलं. मी आजवर बरीच पडकी घरं आणि विहिरी मोजल्या होत्या. भिंतीने माझं माप सुधारलं, असं मात्र पहिल्यांदाच होत होतं.

मी मागच्या बाजूला गेलो, मागोमाग मुलीला घेऊन पार्वतीही आली. तिथे भिंतीला टेकून कडब्याच्या पेंढ्या रचल्या होत्या. दोन-तीन बाजूला केल्या. मागे कमरेइतकं दार. ते आतून उघडलं.

सहा फूट रुंद, अठरा फूट लांब अंधारी पट्टी. भिंतीला लागून चूल, विझत आलेली. वर कोनाड्याच्या पाठीला एक भेग, हवा आणि आवाज दोन्ही जाण्याइतकी. जातं. एक घोंगडी. धूर कौलांतून जायचा; कौलांतून धूर निघणारं घर गावात कुणाच्या डोळ्यांवर येत नाही. घोंगडीवर एक बाई बसली होती, पन्नाशीची, पाय पसरलेले. ती कृष्णाबाई, धोंडीबाची बायको. गुडघे धरल्यामुळे तिला चार पावलं चालवत नव्हती.

तिने सगळं सांगितलं, अजिबात न लाजता. मोशीला लेकीच्या घरी सासू-सासऱ्यांनाच जागा पुरत नव्हती. गावात दुसरी खोली घ्यावी तर धोंडीबाला जे भाडं येतं तेवढंही पुरलं नसतं. आणि मालक घरात राहतो म्हटल्यावर कुणी पूर्ण घर घेत नाही. म्हणून त्याने मध्ये भिंत घातली. तो स्वतः देवळात झोपायचा, अंधार पडल्यावर भाकरीला यायचा. सगळ्या गावाला ठाऊक होतं. परक्याला कुणी सांगत नव्हतं, कारण अशा भिंती गावात आणखी दोन घरांत होत्या.

मग तिने पार्वतीकडे पाहिलं. त्या दोघी एकमेकींना पहिल्यांदा पाहत होत्या.

"पोरीला मंगळवारपास्नं खोकला हाय," ती म्हणाली. "वव्याची धुरी दे. आन् सासूची चिठ्ठी आली म्हून एवढं रडू नको."

मी निघताना पार्वती ओसरीच्या खांबाला धरून उभी होती. हळूच म्हणाली, "साहेब, राखणदार असता तर मी राहिले असते."

मी काळे साहेबांना खरं ते सांगितलं. ते म्हणाले, फसवणूक म्हणून लिहिलंत तर धोंडीबाचं घर आपल्या यादीतून जाईल आणि दत्ताराम रस्त्यावर येईल. मी आतलं खरं माप लिहिलं, बाकी काही नाही. मापाप्रमाणे दत्तारामचा भत्ता थोडा उतरला. दुसऱ्या जागेला मंजुरी होती, पण महिनाभर शोधूनही त्याला परवडणारी जागा मिळाली नाही. ते तिथेच राहिले.

पुढे एकदा मी त्या बाजूला गेलो होतो. घरात शिरलो तर नवराबायको कुजबुजत बोलत होते. बाहेर अंगणातसुद्धा. मुलगी चालायला लागली होती, आणि तीही कुजबुजतच बोलायला शिकली होती. भिंतीपलीकडे काहीच आवाज नव्हता. जातंही थांबलं होतं. पार्वतीने सांगितलं की कृष्णाबाई आता तिच्या रडण्यावर काही बोलत नाही, पण ज्योत अजून तिकडेच झुकते.

दोन पावसाळ्यांनी त्यांना क्वार्टर मिळालं. त्याच हिवाळ्यात कृष्णाबाई गेली. धोंडीबा मोठ्या घरात परत येईल असं मला वाटलं होतं. तो देवळातच राहिला. दोन्ही खोल्यांत नवं कुटुंब आलं. कृष्णाबाईच्या तेराव्याला आठवडा होत नाही तोच माझ्या टेबलावर एक अर्ज आला. एका सडाफटिंग वेल्डरने पुनावळ्यात स्वतंत्र जागा घेतली होती, दार मागच्या बाजूने.

मी गेलो, टेप लावला. सहा बाय अठरा. जागा कोरडी होती, चूल होती, भिंत पक्की. नियमात बसत होती. मी मंजूर केली. आमच्या धंद्यात माणूस किती जागेत राहू शकतो हे मोजता येतं. राहावं की नाही, याचा रकाना फॉर्ममध्ये नसतो.