जोडसाहेबांचा जिव्हाळा

धाकटी सून इमारतींचे नकाशे काढायची. तीन दिवस घरून, दोन दिवस ऑफिसात. घरच्या दिवशी ती लकवा मारलेल्या सासऱ्यांच्या हाताचा व्यायाम घेई. देवाच्या कृपेने त्या हाताने परवाच पेला उचलला होता. रोज सकाळी नऊला ती गटातल्या चौघांना फोन करी. आधी विचारपूस, मग काम.

गट जोडून ठेवायला खरं तर साहेब नेमले होते, म्हणून त्यांना सगळे जोडसाहेब म्हणत. नाव मोठं, लक्षण खोटं! केबिनचं दार लावून शेजारच्या टेबलाशीसुद्धा स्क्रीनवरून बोलणारा हा माणूस. स्क्रीनवरच्याच एका बैठकीत त्यांनी फर्मान काढलं, “घरून काम बंद. समोरासमोर असलं की जिव्हाळा वाढतो.”

धाकटीला आधी सासरे आठवले. बाबांचा हात पुन्हा लुळा पडणार! पण ती कसली गप्प बसते?

“साहेब, आपल्या गटातली नवी मुलगी कशी आहे हो?”

“उत्तम! आत्ताच खिडकीपाशी पाहिलं की तिला.”

“सर, माझा पाय मोडून महिना झाला,” स्क्रीनवरून ती मुलगीच बोलली. “मी घरी आहे. ताईंचा रोज फोन येतो, म्हणून काम अडलं नाही.”

कुणीतरी फिसकन हसलं. साहेब घसा खाकरून “बघू पुढे” म्हणाले. फर्मान तिथेच विरलं.

दुसऱ्या दिवशी सासऱ्यांनी विचारलं, “काय म्हणतात तुझे साहेब?”

“देवानं डोळे दिलेत बाबा, पण वापरायचं विसरलेत. तुम्ही मूठ आवळा बघू.”