खंडेनवमीला मुका झालेला अ‍ॅम्प

हत्यारं पूजेला लावून झाली होती. पाटावर लाल कापड, त्यावर सोल्डरिंग आयर्न, मीटर, पक्कड, स्क्रू-ड्रायव्हर. झेंडू वाहिला, हात जोडले आणि फोन वाजला.

"तात्या, अ‍ॅम्प बोलत नाही," शिरीष म्हणाला. "परळच्या हॉलवर आहे. साऊंड चेक चालू आहे. प्रधान समोरच उभे आहेत."

"आज खंडेनवमी."

"माहीत आहे."

"हत्यारं पूजेत आहेत."

"ते पण माहीत आहे. या तरी."

आमच्या घरचा नियम असा, की खंडेनवमीला हत्यारं पूजेला लावली की दसऱ्याचं सोनं वाटून होईपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. वडील गिरणीत फिटर होते. त्यांनी पाळला, मी पाळतो. कोणाला खुळेपणा वाटला तर वाटू दे. माझी शाळा चौथीत सुटली, पुढचं सगळं आयुष्य गिटारचे अ‍ॅम्प दुरुस्त करण्यात गेलं, पण या नियमात मी कोणासाठी वाकलो नाही. चप्पल घातली आणि रिकाम्या हाताने निघालो. लालबागहून परळ म्हणजे चालत जाण्याइतकं. माझ्या गुडघ्यांना विचारलं तर ते वेगळं सांगतील.

जाणं भाग होतं. तो अ‍ॅम्प मीच निवडला होता.

शिरीष ठाकूरद्वारचा, पाठारे प्रभू. घरात सगळे ऑफिसवाले, ह्याने गिटार धरली. ऐन तरुणपणी माझ्याकडे आला तेव्हा मी त्याला अ‍ॅम्प बांधून दिला. सागवानी खोका, भलामोठा ट्रान्सफॉर्मर, चार व्हॉल्व. व्हॉल्व म्हणजे काचेची नळी. बल्बसारखी आतून तापते आणि गिटारचा बारीक आवाज मोठा करते. हल्ली ट्यूब म्हणतात. तिला जरा ताण दिला की आवाज फाटतो, आणि गिटारवाल्यांना कधी कधी तो फाटलेलाच हवा असतो. माझा अ‍ॅम्प इतकी वर्षं वाजला. फक्त उचलायला दोन माणसं लागायची.

यंदा शिरीषच्या खांद्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी वजन उचलणं बंद केलं. प्रधान म्हणजे ऑर्केस्ट्राचे मालक. त्यांनी त्याला स्पष्ट सांगितलं, "तुझी ती ट्रंक जिन्याने चढवायला मी हमाल ठेवणार नाही. नवरात्राच्या प्रोग्रामला छोटा सेट घेऊन ये. नाहीतर दुसरा गिटारवाला तयार आहे. तो पायाजवळ डिजिटल पट्टी ठेवतो, त्याला अ‍ॅम्पच लागत नाही."

साठीच्या वादकाला एकदा खुर्चीवरून उठवला की परत बोलावणं येत नाही. मी असे किती बघितले. पहिले काही महिने म्हणतात, सध्या रेस्ट घेतोय. मग ते पण म्हणत नाहीत.

म्हणून आम्ही दादरला एका दुकानात गेलो. एकच अ‍ॅम्प हवा होता, स्टेजला आणि स्टुडिओला दोन्हीकडे चालणारा. स्टेजला जोर लागतो. स्टुडिओत स्पीकर नको असतो, वायर सरळ रेकॉर्डिंगला जाते. इथेच लोक फसतात. व्हॉल्वचा अ‍ॅम्प स्पीकर न जोडता वाजवला तर आतला ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. त्याला आपला जोर टाकायला जागा लागते. काही अ‍ॅम्पमध्ये ती जागा आतच केलेली असते, तिला लोड म्हणतात. लोड नसेल तर स्टुडिओसाठी घेऊ नये.

पहिला अ‍ॅम्प हलका होता, पण व्हॉल्व नावाला एक, बाकी सगळी चिप. दुसऱ्याचा आवाज गोड होता. मी मागच्या जाळीतून पेन्सिल घालून व्हॉल्वला टिचक्या मारल्या.

"काका, हे काय करताय?" सेल्समन धावत आला.

"ऐक. स्पीकरमध्ये घंटी वाजतेय. व्हॉल्व खराब आहे."

"वॉरंटी आहे ना त्याला."

"वॉरंटी स्टेजवर येते काय?"

शिवाय त्याला लोडही नव्हता.

तिसरा मॉड्युलर. खोका एक, पुढे दोन खण. त्यात ड्रॉवरसारखे तुकडे सरकवायचे, त्यांना मॉड्यूल म्हणतात. एक साफ आवाजाचा, एक फाटक्या आवाजाचा. स्क्रू बोटांनी फिरतात. मागे बटण, एका बाजूला स्टेजचा जोर, दुसऱ्या बाजूला स्टुडिओचा. लोड आत. टिचकी मारली, घंटी नाही.

तरी मला पटेना. मी आयुष्यभर जोड पक्के केले. "जे हाताने निघतं ते एक दिवस आपसूक निघणार," मी म्हटलं.

शिरीषने खोका चांगल्या हाताने उचलला, दुकानाच्या दारापर्यंत नेला, परत आणला. मग जोडला, एक कॉर्ड वाजवली आणि सोडून दिली. आवाज विझेपर्यंत मी ऐकत राहिलो. शेवटपर्यंत स्वच्छ.

"घे," मी म्हटलं. "पण मला आवडला नाही."

"तात्या, तुम्हाला आवडलेला मला उचलत नाही."



तर परळ. हॉलवर पोचलो तेव्हा दम लागला होता. प्रधान जिन्याशीच भेटले.

"हत्यारांची पेटी कुठे तुमची?"

"पूजेत."

"मग आलात कशाला?"

"बघायला."

"अहो, लाइटवाल्याकडून स्क्रू-ड्रायव्हर देतो की!"

"हत्यार कोणाचंही असू दे, प्रधानसाहेब. हात माझाच ना?"

प्रधानांनी कपाळाला हात लावला. शिरीष खुर्चीवर गिटार मांडीवर घेऊन बसला होता, तारांवर बोटं ठेवून, न वाजवता. त्याने माझ्याकडे बघितलं, पण गळ घातली नाही. त्यापेक्षा घातली असती तर बरं वाटलं असतं.

मी अ‍ॅम्पसमोर वाकलो. मागचे व्हॉल्व तापलेले, म्हणजे वीज येत होती. फाटक्या आवाजाचा खण बोलत होता. साफ आवाजाच्या खणाचा दिवा बंद. आणि प्रोग्राम सगळा जुन्या गाण्यांचा. नऊवारीतल्या बाईने लाजत गायचं आणि मागून आवाज फाटका, कसं चालेल?

"काल स्टुडिओत चालला होता?"

"मस्त चालला."

"मग सकाळी काय केलंस?"

"काही नाही. मीनलने पूजा केली."

मीनल त्याची बायको. "कशाची पूजा?"

"गिटारची. आणि ह्याची." मग म्हणाला, "ती म्हणाली, तुकडे सुटे होतात तर सुटेच मांडू. प्रत्येकाला वेगळं कुंकू."

मी अ‍ॅम्प बंद केला, प्लग काढला. व्हॉल्वचा अ‍ॅम्प बंद केल्यावरही आत करंट काही वेळ दबा धरून असतो, म्हणून थांबलो. प्रधान घड्याळ बघत फेऱ्या मारत होते. मग बोटांनी स्क्रू फिरवले, मॉड्यूल ओढलं. हातात आलं. मागच्या कनेक्टरमध्ये अक्षतेचा एक दाणा, ओल्या कुंकवात चिकटून वाळलेला. त्याच्यामुळे तुकडा पूर्ण बसलाच नव्हता.

मी नखाने दाणा काढला.

"तात्या, नख हत्यार नाही काय?" प्रधान म्हणाले.

"नख पूजेला लावलं नव्हतं."

कनेक्टर कोरड्या रुमालाने पुसला, दुसरंही मॉड्यूल काढून बघितलं, दोन्ही दाबून बसवली. प्लग, बटण. थोडं तापू दिलं. दिवा लागला. शिरीषने एक कॉर्ड वाजवली. साफ.

प्रधान माईकवाल्याकडे वळून ओरडले, "चला, गिटार ओके! बाईंना बोलवा!" शिरीष खुर्चीवरच होता. मला तेवढंच बघायचं होतं. त्याने जेवून जायचा आग्रह केला. मी म्हटलं, पाय दुखतायत.

परत येताना वाटेत दोनदा टेकलो आणि मनात हिशेब मांडला. माझ्या सागवानी खोक्यात अक्षत शिरायला जागाच नव्हती. हे मी शिरीषला नंतर ऐकवलंसुद्धा. पण त्यात काही बिघडलं असतं, तर हत्याराशिवाय तो उघडला नसता. मी हत्याराला हात लावला नसता. आणि शिरीष उठवला गेला असता, माझ्या नियमापायी. हे त्याला ऐकवलं नाही.

तो सागवानी खोका आता माझ्याकडेच असतो, भिंतीला टेकून. वर मी चहाचा कप ठेवतो.

लोक विचारतात, कुठला अ‍ॅम्प घ्यावा? आवाज विझेपर्यंत ऐका. स्वतः उचलून बघा. आणि तुमचा मिस्त्री सणाला काम करतो की नाही, ते आधी विचारून घ्या. मी करत नाही.