आमची पपई पोर्टला होती

मंडळी, दुपारपासून डोकं फिरलंय, म्हणून लिहितेय.

नवीन कपाट घेऊन आलेला टेम्पो आमच्या शेणवे गावातल्या घराच्या अंगणात रिव्हर्स येत होता. नेहमीप्रमाणे अख्खी आळी मागं उभी राहून ओरडत होती. "डावीकडं!" "नाय रे, उजवीकडं!" प्रत्येकाचं डावं वेगळं.

माझे दीर बोटीवर नोकरीला, सध्या सुट्टीवर आलेत. ते पुढं सरसावले. "बोटीवर हा घोळच नाय. नाळेकडं, म्हंजे पुढच्या टोकाकडं तोंड केलं की डावी ती पोर्ट, उजवी ती स्टारबोर्ड. मग तुमी कुठंबी वळा, बाजू बदलत नाय!"

आळीला एकदम पटलं. सगळे एका सुरात ओरडले, "पोर्टला झाड हाय! पोर्टला बघ!"

फक्त ड्रायव्हरला कुणी शिकवलं नव्हतं.

कडाड्!

त्यानं खिडकीतून डोकं काढलं. "ओ, कंडक्टर साइड बोला ना! ती तरी कुठं बदलते?"

आमची पपई पोर्टला होती. आता ती कुठल्याच बाजूला नाय.

रात्रीला कच्च्या पपईची भाजी केलीय. दीर मान खाली घालून जेवतायत, सासूबाई पुन्हापुन्हा वाढतायत.

तुमच्याकडं टेम्पो मागं घेताना किती कॅप्टन असतात हो?